उपाशी ठेवायची ताटली

१२ जानेवारी

शहाणे,

बाबांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी "दुकान उघडलंस का?" असं विचारलं, तेव्हा माणूस जागेवर आहे असं समज. आतड्याचा हातभर तुकडा गाठीसकट काढला. गाठ भिंतीतून बाहेर डोकावत होती आणि शेजारच्या ग्रंथींतही थोडी पसरली होती. त्यामुळे जखम भरली की सलाईनमधून औषध द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

तू बजावल्याप्रमाणे थिएटरच्या दाराशी बर्फाची पेटी घेऊन उभा राहिलो. नर्सनं दोन बाटल्या हातात दिल्या. एकीत गाठीचा तुकडा, दुसरीत गाठीपासून लांबच्या चांगल्या आतड्याचा. दोन्ही वाटाण्याएवढे. चिठ्ठ्या तिनंच चिकटवल्या होत्या, तरी मी त्या तीनदा वाचल्या. कुरियरवाल्यानं विचारलं, पेटीत काय आहे? म्हटलं, आमचे बाबा. तो काही हसला नाही.

संध्याकाळी बाबांनी नर्सला माझी ओळख करून दिली. मी शाळेत असताना एका गिऱ्हाइकाच्या शिलाई मशीनची शटल उलटी बसवली होती ती गोष्ट, नेहमीच्या अभिनयासकट. "हा आमचा धांदरट. आणि शहाणी आहे ती लांब असते, प्रयोगशाळेत." पोटाला टाके असताना एवढं बोलवलं कसं, देव जाणे.

एक गोष्ट मात्र बाबांनी बहिऱ्या कानांनीसुद्धा बरोबर ऐकली. त्या सलाईनच्या औषधानं बोटांची जाणीव जाऊ शकते. उभा जन्म मशीनच्या पोटात बोटं घालून काढलेला माणूस. तेव्हापासून अंगठा तर्जनीवर घासत पडून आहेत.

फोन नको करूस. बाबांना ऐकू येत नाही, तू रडतेस आणि मी ओरडतो. पत्र लिही. आईच्या डोळ्यांना अक्षर दिसत नाही, तेव्हा दोघांना मीच वाचून दाखवीन. माझ्याशी वेगळं बोलायचं असेल तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझा धांदरट दादा


२९ जानेवारी

आई, बाबा आणि दादा,

(दादा, मोठ्यानं आणि सावकाश वाच. मध्ये स्वतःची मल्लिनाथी नको.)

बाबा, तुमचे दोन्ही तुकडे सुखरूप पोचले. मी ते धुतले, बारीक कापले, त्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि जेलीसारख्या एका पदार्थात मिसळून ताटलीत त्याचे थेंब घातले. ताटल्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवल्या. आणि आता मजा बघा. त्या पेशी आपल्या आपण गोल जमतात, मध्ये पोकळी धरतात, भिंत उभारतात. म्हणजे खसखशीहून बारीक अशी तुमच्या आतड्याची पिल्लं! सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फुग्यांसारखी दिसतात. आम्ही यांच्यावर औषधं घालून बघतो. कुठल्या औषधानं गाठ मरते, कुठल्यानं नाही, हे तुमच्या अंगात काही न घालता इथेच कळू शकतं.

दोन ताटल्या आहेत, एक चांगल्या आतड्याची आणि एक गाठीची. चांगलीला पूर्ण खुराक असतो. गाठीच्या ताटलीला मात्र मुद्दाम उपाशी ठेवायचं असतं. त्याचं कारण असं की गाठीच्या तुकड्याबरोबर थोड्या चांगल्या पेशी हटकून येतात. खुराकातला एक मुख्य घटक काढून घेतला की त्या चांगल्या मरून जातात. गाठीला त्या घटकाची गरजच नसते, म्हणून ती तेवढी मागे उरते.

पण काय सांगू, दहा दिवस झाले तरी गाठीच्या ताटलीत नुसता काळपट कचरा दिसत होता. माझा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी तिलाही पूर्ण खुराक दिला. नियमात बसत नाही, पण थोडेच दिवस. तुमच्या नावाची ताटली आणि मी ती उपाशी ठेवू? नाही जमलं, बाबा. आणि चार दिवसांत असं बाळसं धरलंय! काळा कचरा होता तो काढून टाकला. आता दोन्ही ताटल्या एकीहून एक देखण्या आहेत.

आई, तू जेवत जा. बाबा, तुम्ही दादावर ओरडू नका.

तुमची शहाणी


६ फेब्रुवारी

शहाणे,

पत्र मल्लिनाथीशिवाय वाचलं. "तुमच्या नावाची ताटली आणि मी ती उपाशी ठेवू" हे वाक्य बाबांनी माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. आई पदर डोळ्याला लावून बसली. इथे मी रोज दोन्ही वेळा पातळ सूप चमच्यानं भरवतो, त्याचं अजून कुणाला रडू आलेलं नाही.

बाबा आता दुकानात येऊन बसतात, काम करत नाहीत. गिऱ्हाईक बॉबिन घ्यायला येतं आणि आतड्याची कथा ऐकून जातं. कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं विचारलं, म्हणजे तुमचं आतडं आता दोन गावांत आहे का? बाबा म्हणाले, चांगलं ते लेकीकडे, उरलेलं इथे. सगळे हसले. मीही हसलो, गिऱ्हाईक तोडून चालत नाही.

आई विचारत होती, तू कधी येतेस. मागच्या रविवारी येणार होतीस. तू कळवलंस की रविवारी ताटल्यांचं खाणं बदलायचं असतं. बाबांच्या आतड्याला भेटायला तुला सुटी मिळते आणि बाबांना भेटायला मिळत नाही, हे मला काही कळलं नाही. पण मी कुठे शिकलोय.

डॉक्टर महिनाअखेरीला सलाईन सुरू करायचं म्हणतात. बाबा म्हणतात, शहाणीचं येऊ दे. तेव्हा काय ते लवकर कळव.

दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

आनंदाची बातमी. गाठीच्या ताटलीतल्या पेशींवर दोन्ही उपाय करून पाहिले. नुसत्या तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचं औषध घातलं आणि तीन दिवसांत पेशींचे सगळे गोळे मेले, एकूण एक. त्यात सलाईनचं ते बोटं बधिर करणारं औषध मिसळून पाहिलं, तर फरक काहीच नाही. जिथे सगळेच मेले तिथे आणखी काय मरणार? म्हणजे तुम्हाला नुसत्या गोळ्या पुरतील. तुमची बोटं वाचली, बाबा!

आता नीट ऐका. आमचे निकाल अभ्यासासाठी असतात, उपचार ठरवण्यासाठी नाहीत. मी हे घरी लिहिलं असं प्रयोगशाळेच्या मॅडमना कळलं तर माझी खैर नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. पण मी तीनदा करून पाहिलंय, आणि तिन्ही वेळा तेच आलंय.

मी ते गोळे मरताना पाहिले तेव्हा खरंच टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

तुमची शहाणी


७ मार्च

शहाणे,

काल डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी खिशातून तुझं पत्र काढलं, इस्त्रीच्या कपड्यासारखी घडी उलगडली आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं. म्हणाले, "काका, हे पत्र आहे, रिपोर्ट नाही." बाबा म्हणाले, "माझ्या मुलीचं अक्षर आहे."

डॉक्टरांनी बराच वेळ समजावलं. "ताटलीतलं सगळं माणसात तसंच होतं असं नाही, गाठ ग्रंथींत गेलीय, मी दोन्ही औषधं द्यायच्या मताचा आहे." बाबांना अर्धं ऐकू आलं नाही आणि अर्धं ऐकायचं नव्हतं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, बाबा, डॉक्टर म्हणतात तसं करू. त्यावर सगळ्या वेटिंगरूमला ऐकू जाईल अशा आवाजात बाबा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? शटल उलटी लावणारा तू."

तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. आज सकाळी त्यांनी एक जुनी मशीन उघडली आणि पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला. मला हाक मारून दाखवला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. तू बरोबर असावीस, असं मनापासून वाटलं.

दादा

ता. क. बाबा सांगतात ते लिहितो: "पोरी, गोळ्या चालू. भूक चांगली. त्या ताटलीला कमी पडू देऊ नकोस."


२ जून

प्रिय बाबा आणि आई,

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. कामाची फार गर्दी होती.

बाबा, मी आणखी विचार केला. डॉक्टर म्हणाले होते ती सलाईनही आता सुरू करावी असं मला वाटतं. उगाच जोखीम कशाला? बोटांना त्रास झाला तरी तो बहुतेकांचा पुढे कमी होतो. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. उशीर नको.

काळजीचं काही नाही.

तुमची


११ जून

शहाणे,

हे काय पत्र? "काळजीचं काही नाही" आणि "उशीर नको" एकाच कागदावर? खाली "शहाणी" लिहायलासुद्धा विसरलीस. आईच्या ते लक्षात आलं, तिला अक्षर दिसत नाही तरी. ती म्हणाली, वाचायचं संपलं का एवढ्यात?

बाबांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, हे तुझं पत्रच नव्हे, मी तुझे कान फुंकले. "आधीच्या पत्रात पोरीनं सगळं कारणासकट लिहिलं होतं. यात कारण कुठंय?" या वेळी त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. बाबा उतरलेत. पँट कमरेवर राहत नाही, मी पट्ट्याला नवी भोकं पाडून दिली. मागच्या आठवड्यात तपासणीत यकृतावर डाग दिसले. बाबांना सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडलेल्या दिसत नाहीत, सलाईन घ्यायला त्यांना तयार करा. मी तयार करू? मला ते गिऱ्हाइकाच्या मशीनचं झाकणसुद्धा उघडू देत नाहीत.

तुला काहीतरी कळलंय. काय ते सरळ लिही आणि दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

दादा


१७ जून

दादा,

हे पत्र वाचून झालं की फाड.

गाठीच्या ताटलीत गाठ नाही. कधी होती का, तेही आता सांगता येत नाही.

मे महिन्यात मॅडमनी ती ताटली कायमची साठवायचं ठरवलं. त्याआधी पेशींची जनुकं तपासतात. बाबांच्या गाठीच्या जनुकांत बिघाड आहेत, हॉस्पिटलच्या अहवालात ते लिहिलेले आहेत. आमच्या ताटलीत त्यातला एकही नाही. निखळ निरोगी आतडं. मी नमुना दोनदा तपासायला पाठवला, दोन्ही वेळा तेच.

मी खुराक दिला ना, तिथेच घात झाला. तुकड्याबरोबर आलेल्या चार चांगल्या पेशी उपाशी मरायच्या होत्या, त्या माझ्या खाण्यावर पोसल्या आणि सगळी ताटली भरून गेल्या. आणि तो काळपट कचरा आठवतो? मी काढून टाकला होता तो? तीच गाठ असणार. गाठीचे गोळे ओबडधोबड, भरीव, कळाहीन असतात. मला माहीत होतं, दादा. नवीन मुलांना मीच शिकवते. पण बाबांचं म्हणून जे काही वाढेल ते देखणंच असणार असं मी धरून चालले. गोळ्यांच्या औषधानं मी तीनदा मारलं ते बाबांचं चांगलं आतडं होतं.

मे संपताना कळलं. चार दिवस कपाटाचं दार उघडत होते नि लावत होते. मग ते भित्रं पत्र लिहिलं.

बाबांना सांगू नकोस. पाया पडते. ते माझ्या भरवशावर जगतायत, हे कळलं तर आजाराआधी यानंच जातील. पण सलाईन घ्यायला लाव. काहीही कर. तू समोर आहेस, मी नाही.

—


२५ जून

शहाणे,

तुझं पत्र मी फाडलं नाही, खाल्लंही नाही. दुकानात सुट्या सुयांच्या खणात आहे.

ते वाचून मी शटर अर्धं ओढून बसलो. तुला चार थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. मग वाटलं, बाबांना उपाशी ठेवणं मला तरी जमलं असतं का? मग पुन्हा वाटलं, द्याव्यातच. एवढं शिकूनही तुला कळलं नाही तर मग शिकलीस ते कशासाठी? अडाणी मी होतोच की, घरात एक पुरे होता.

तू म्हणतेस बाबांना सांगू नको आणि सलाईनही घ्यायला लाव. कारण दिल्याशिवाय ते ऐकणार नाहीत आणि खरं कारण तुला द्यायचं नाही. मग मी दुसरं दिलं. रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या चांगल्या कानाशी बसलो आणि म्हटलं, बाबा, तो घोळ मी केला. बर्फाची पेटी भरताना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या, मी उलट्या लावल्या. शहाणीनं गाठ म्हणून तपासलं ते चांगलं आतडं होतं. तिचं काम चोख होतं. आता डॉक्टरांचंच औषध घ्या.

मला वाटलं होतं, निदान विचारतील. कशा सुटल्या, कधी कळलं, इतके दिवस गप्प का होतास. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. बाबा म्हणाले, "वाटलंच मला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सोमवारी पहिली सलाईन लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती धांदरट पदवी कामाला आली.

हा माझा मोठेपणा वगैरे समजू नकोस. निम्मी घाई होती. आणि निम्मं असं, की एकदा तरी तू माझ्या ओझ्याखाली असावीस असं मला वाटलं. वाईट वाटलं तर वाटू दे.

दादा


४ जुलै

दादा,

तुझं पत्र वाचून पंधरवड्यात पहिल्यांदा झोप लागली. तू माझा जीव वाचवलास. मी येईन तेव्हा बाबांना सगळं स्वतःच्या तोंडानं सांगीन. जरा बरे होऊ देत. आत्ता नको. आत्ता सांगितलं तर तुझं केलेलंही वाया जाईल, नाही का?

आईला जप. औषधाचं कळवत जा.

तुझीच


२० ऑक्टोबर

शहाणे,

तू गेलीस त्याला आठवडा झाला. गाडी सुटेपर्यंत तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि मी स्टँडवर पिशवी धरून उभा होतो. ती पिशवी तुझीच होती. परत आणली, आईच्या पलंगाखाली ठेवलीय.

बाबांसमोर तुला बोलता आलं नाही ते सोड. पण मी दाराशी औषधाचा पेला घेऊन उभा होतो, तेव्हाचं सोडवत नाही. त्यांनी तुझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बोटांना काही कळत नाही गं. तुझं तोंड आहे की उशी, काही कळत नाही." मग म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं चोख होतं. या गाढवानं घात केला." तुझं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. मग तू खाली फरशीकडे बघितलंस. मी मनात म्हटलं, बोल. आत्ता बोललीस तर मी तुला जन्मभर काही म्हणणार नाही. तू त्यांची चादर सारखी केलीस.

दोन दिवसांनी ते गेलेच. तुझ्यासमोर गेले, एवढं तरी तुझ्या वाट्याला आलं.

डॉक्टरांना मी नंतर एकटा भेटलो. विचारलं, सुरुवातीपासून सलाईन दिली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित जास्त जगले असते, कदाचित हेच झालं असतं. तेवढा "कदाचित" आपण दोघांनी वाटून घ्यायचा आहे. पण या घरात तो सगळा माझ्या एकट्याच्या ताटात वाढला जातो.

आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, भांडं पुढे सरकवते, बोलत नाही. काल शेजारणीला सांगत होती, मला ऐकू येईल अशा बेतानं: "यानं बाटल्या नीट धरल्या असत्या तर आज ते दुकानात बसले असते." मी आत मशीनला तेल घालत होतो. घालतच राहिलो, सगळं टेबल तेलकट झालं.

बाबा बरे झाल्यावर सांगणार होतीस. आता आई आहे.

दादा


८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

बाबांच्या दोन्ही ताटल्या अजून वाढताहेत. आमच्याकडचं सगळ्यात उत्तम निरोगी आतडं म्हणून आता त्यांचं नाव झालंय. नाव म्हणजे नुसता आकडा. दुसऱ्या प्रयोगशाळाही मागतायत. निरोगी आतडं कसं वागतं हे दाखवायचं असेल की सगळे तेच काढतात. बाबांनी संमती दिली होती ती फक्त त्यांच्या आजाराच्या अभ्यासापुरती. आता ते नाहीत, तर घरच्या माणसाची नव्यानं सही लागते. वर्षअखेरपर्यंत आली नाही तर नियमाप्रमाणे सगळं नष्ट करतात.

कागद सोबत आहे. दादा, माझ्या हातानं मी ते नष्ट करू शकणार नाही. बाबांचं तेवढंच उरलंय माझ्याजवळ. रोज सकाळी आधी त्यांचं खाणं बदलते, मग बाकीची कामं.

आईशी बोलायचं मी टाळत नाहीये. तिच्या दुःखात भर नको, एवढंच.

तुझी बहीण


१५ नोव्हेंबर

आईला खरं लिही. घरच्या पत्त्यावर, तुझ्या अक्षरात, काही न गाळता. ते मी तिला वाचून दाखवीन, मग सही करीन. तोवर कागद सुयांच्या खणात, तुझ्या त्या पत्राशेजारी राहील.

हो, मी अडवतोय. बाबांचं तुझ्याजवळ तेवढंच उरलंय म्हणतेस. आईची एक हाक, मला तेवढंच हवंय.

दादा


२४ नोव्हेंबर

प्रिय आई,

दादा हे तुला वाचून दाखवतोय. तो शांतपणे वाचेल, तू शांतपणे ऐक.

दादानं बाटल्या बदलल्या नाहीत. चिठ्ठ्या सुटल्या नव्हत्या. त्यानं दोन्ही तुकडे मला अगदी बरोबर पाठवले होते. चूक माझी झाली. जी ताटली उपाशी ठेवायची तिला मी खाऊ घातलं. त्यात चांगलं आतडं वाढलं, गाठ मी कचरा समजून काढून टाकली, आणि ते मी ओळखलं नाही. त्यावरून बाबांना नुसत्या गोळ्या पुरतील असं लिहिलं. चूक कळल्यावरही तुम्हाला सांगितलं नाही. दादानं माझ्यासाठी ती स्वतःवर घेतली. मी घेऊ दिली. बाबा शेवटी त्याला गाढव म्हणाले तेव्हा मी शेजारी बसले होते, आणि गप्प बसले.

आई, मला खूप लाज वाटते. मला काय म्हणायचं ते म्हण. पण दादाशी बोल.

तुझी मुलगी


३ डिसेंबर

शहाणे,

तुझं पत्र आलं. मी संध्याकाळी आईला समोर बसवून वाचलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही, आवाज चढवला नाही. तू चांगलं लिहिलंस. मनातून लिहिलंस. वाचताना मलाच दोन ठिकाणी थांबावं लागलं.

वाचून झालं. आईनं हात पुढे केला. मी पत्र दिलं. ते तिनं डोळ्यांना लावलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "किती मोठ्या मनाची रे माझी लेक. भावाचा दोष स्वतःवर घेते."

मी म्हटलं, आई, ते खरं आहे. मी दुकानात जाऊन सुयांच्या खणातलं तुझं जूनमधलं पत्र आणि सहीचा कागद आणला, आणि तेही पत्र वाचलं. ती हसली. म्हणाली, "तुझ्यासाठी तेही लिहिलं तिनं? आणि तू ते तिच्याकडून लिहून घेतलंस?" मी म्हटलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी तीनदा वाचल्या होत्या. ती म्हणाली, "तूच तर सांगितलंस बाबांना, उलट्या लावल्या म्हणून. मी काय झोपले होते?"

सांगितलं होतं खरंच.

पण तुझ्या पत्राचा एक गुण आला. ती माझ्याशी बोलायला लागली. दिवसभर बोलते. तुझ्यासारखी बहीण मिळाली याची मला किंमत नाही, यावर बोलते. तो कागद कसला, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "ताबडतोब सही कर. निदान एवढं तरी नीट कर. कुठे करायची ते आधी बघ, मग कर."

बघितलं, मग केली. कागद सोबत आहे. बाबा आता निरोगी माणूस म्हणून गावोगाव जातील. त्यांना आवडलं असतं, अर्धा जिल्हा त्यांनी ते सांगून पकवला असता.

पाकिटावरचा पत्ता मी तीनदा वाचला आहे. तरी पोचायला काही घोळ झालाच, तर माझ्यामुळे झाला असं कळव. ताटलीचं खाणं वेळेवर बदलत जा.

दादा